कमी रनिंगची जुनी पिकअप विकायची आहे? आधी हात आवरा, मग किंमत काढा

वडिलांची किंवा काकांची जुनी अमेरिकन पिकअप (फोर्ड, शेवरले वगैरे) हाताशी आली, किंवा कुणाच्या शेडमधे वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली मिळाली, की पहिल्यांदा मनात येतं ते म्हणजे पाईप लावून धुवायची, पेंटरला बोलवायचं, एकदम नव्यासारखी करायची आणि मग विकायला काढायची. प्लीज हे करू नका. अशा गाडीची अर्धी किंमत तिला कुणी हात लावला नाही यातच असते आणि ती किंमत आपण विकायच्या आदल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात स्वतःच घालवून बसतो.

याचं कारण समजून घ्या. या गाड्या नव्या होत्या त्या काळात कार लोक जपायचे पण पिकअप घेतली जायची ती राबवायला, हौद्यात वाळू, लाकडं, खत, जनावरं काय वाट्टेल ते भरायचं, फाळका धाडकन आपटायचा, आणि गंजून खाली बसेपर्यंत वापरून मग भंगारात. त्यामुळे जुन्या पिकअप रिस्टोर केलेल्या भरपूर दिसतात पण कंपनीतून आलेल्या रंगात, ओरिजिनल सीटवर, कमी चाललेली अशी फार थोडी उरलीयेत. रिस्टोर केलेली गाडी पैसे टाकले की पुन्हा बनवता येते, ही बनवता येत नाही. (आपण मायलेज म्हणतो ते ॲव्हरेजला, म्हणून गाडी किती चाललीय त्याला मी इथे सरळ रनिंगच म्हणतोय.)

गाडी नक्की कोणती आहे ते शोधा

"जुनी फोर्ड आहे" एवढ्यावर किंमत निघत नाही. फोर्डची एफ-सिरीज १९४८ च्या मॉडेलपासून आली आणि एफ-१०० हे नाव १९५३ मधे आलं, शेवरलेच्या सी/के गाड्या १९६० च्या मॉडेलपासून, त्यात सी म्हणजे मागच्या दोन चाकांना ड्राइव्ह आणि के म्हणजे फोर बाय फोर. हौद्याचे पण प्रकार आहेत, बाजू सरळ सपाट असेल तर शेवरलेत फ्लीटसाइड आणि फोर्डमधे स्टाइलसाइड, मागचे मडगार्ड बाहेर फुगलेले आणि मधे पाय ठेवायला पायरी असेल तर स्टेपसाइड किंवा फ्लेअरसाइड. हौदा साधारण साडेसहा फुटी की आठ फुटी हे टेप लावून मोजा, कारण आज छंद म्हणून गाडी घेणाऱ्याला बहुतेक वेळा आखूड हौदा हवा असतो आणि फरक किमतीत दिसतो. सहा सिलिंडर की व्ही८, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर की खाली, एसी, पॉवर स्टिअरिंग कंपनीचं की नंतर बसवलेलं, सगळं लिहून काढा.

मग नंबर. १७ अक्षरी चेसिस नंबर अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली पद्धत होती, त्यामुळे नंबर छोटा दिसला म्हणून घाबरू नका, त्या कंपनीचा त्या वर्षाचा फोड करून सांगणारा तक्ता शोधा. जुन्या फोर्डवर ड्रायव्हरच्या दारावर किंवा ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर पत्र्याची प्लेट असते आणि तिच्यावर रंग, गिअरबॉक्स, ॲक्सल यांचे कोड असतात. शेवरले-जीएमसीच्या साठच्या दशकाच्या शेवटापासूनच्या गाड्यांत ग्लोव्हबॉक्समधे एक कागदी स्टिकर असतो, त्यावर गाडी कोणकोणत्या ऑप्शनसकट निघाली ते कोडमधे छापलेलं असतं. तो स्टिकर शाबूत असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे, त्याला पाणी लावू नका, घासू नका, नुसता फोटो काढा. प्लेटवरचा रंगाचा कोड आणि अंगावरचा रंग जुळतोय का बघा. इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख उठवलेली असते, ती गाडी बनण्याच्या आधीची पाहिजे. समजा गाडी १९६८ ची आणि ब्लॉक १९७१ चा निघाला तर इंजिन बदललंय, बस्स, त्यात लपवण्यासारखं काही नाही पण ते तुम्हाला गिऱ्हाइकाच्या आधी माहीत असायला हवं. काचांवर पण कंपनीचा छाप आणि बारीक कोड असतो, एकच काच वेगळी निघाली तर ती कधीतरी फुटलेली.

चेसिस नंबरची प्लेट पॉलिश करायला म्हणून सुद्धा काढू नका, रिव्हेटला हात लावू नका. चेसिस नंबरशी छेडछाड हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि रिव्हेट बदललेले दिसले की जाणकार माणूस तिथूनच मागे फिरतो.

रनिंग खरं आहे हे सिद्ध करा, सगळा खेळ इथे आहे

जुन्या पिकअपचा मीटर बहुतेक पाच आकड्यांचा असतो, शेवटचा दशांशाचा आकडा सोडून. म्हणजे ९९,९९९ नंतर परत ००,०००. मीटरवर २३,००० दिसतंय तर ते २३,००० असू शकतं, १,२३,००० पण असू शकतं, आणि घेणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार. शिवाय स्पीडोमीटरची केबल तुटून गाडी कित्येक वर्षं मीटर बंद ठेवून चालली असेल तर तो वेगळाच विषय. मीटर मैलाचा आहे की किलोमीटरचा तेही सांगा, एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, इथे गोंधळ झाला तर समोरचा तुम्हाला खोटारडा समजेल.

पुरावा दोन प्रकारचा. कागदाचा आणि गाडीच्या अंगावरचा.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे पण त्यावर दोन संध्याकाळी घालवा. सर्व्हिसच्या पावत्या, ऑइल बदलल्यावर दाराच्या चौकटीवर चिकटवलेले स्टिकर, तपासणीचे दाखले, विम्याचे कागद, टायरची बिलं, जिथे जिथे तारीख आणि मीटरचा आकडा एकत्र दिसतो ते सगळं काढा आणि तारखेप्रमाणे एका वहीत उतरवा. आकडे हळूहळू चढत गेलेले दिसले पाहिजेत. हिशोब पण करून बघा, ५० वर्षांत १२,००० मैल म्हणजे वर्षाला फक्त २४० मैल, मग ते का याचं पटणारं कारण हवं. मालक गेले आणि गाडी तशीच उभी राहिली, किंवा फक्त फार्मवरच्या फार्मवर फिरली, जे असेल ते. पहिल्या मालकाच्या घरातली कुणी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याशी बोला, गाडीचे जुने फोटो मागा. त्यांच्याकडून सहीनिशी अर्धं पान लिहून घेतलं तर ते कागद दहा वर्षांनी पण उपयोगी पडतात.

अंगावरचा पुरावा म्हणजे झीज. ब्रेक आणि क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड जिथे माणूस रोज घासून उतरतो, स्टिअरिंगचा वरचा भाग, ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी (दार उघडून वर उचलून बघा, खालीवर हलतंय का), चावीचं भोक, हौद्याचा तळ, फाळक्याची वरची कड. खरंच १५,००० चाललेल्या गाडीत पेडलवरच्या रेघा स्पष्ट दिसतात. पेडल गुळगुळीत आणि मीटर १५,००० असं असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. आणि उलटं पण लक्षात घ्या, एकदम कोरं करकरीत पेडल रबर जुन्या सीटशेजारी दिसलं तर लोकांना संशयच येतो, म्हणून ते बदलू नका.

एवढं करूनही पुरावा अर्धवटच मिळाला तर "ओरिजिनल रनिंग" असा शब्द वापरू नका. "मीटर इतकं दाखवतोय, अमुक सालापासूनचे कागद आहेत, त्याआधीचे नाहीत" असं लिहा. किंमत थोडी कमी येईल, पण खोटं ठरलं तर रक्कम परत द्यावी लागते, कधी कोर्टात पण जावं लागतं. अमेरिकेत गाडी असेल तर तिथे २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना हस्तांतराच्या वेळी मीटरचा आकडा लिहून देण्याच्या केंद्रीय नियमातून सूट आहे, म्हणजे कागदावर "एक्झेम्प्ट" असं येतं. सरकारी कागदच असा गप्प असतो तेव्हा तुमची ती वही सगळं बोलते.

उभ्या गाडीला घाईने चावी मारू नका

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून बॅटरी लावून स्टार्टर मारणं ही सगळ्यात महागडी चूक. टाकीतलं पेट्रोल कुजून डिंकासारखं झालेलं असतं, तो गाळ पंपात आणि कार्ब्युरेटरमधे जातो. आधी टाकी रिकामी करा, ऑइल बघा आणि बदला, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधे थोडं ऑइल टाका, एक रात्र जाऊ द्या आणि मग इंजिन हाताने, पान्याने फिरवून बघा. एअर क्लीनरचं झाकण उघडा, उंदरांना ती जागा फार आवडते. वायरी कुरतडलेल्या आहेत का ते पण तेव्हाच कळतं.

ब्रेक मात्र चालवण्याआधी पूर्ण बघायचे, इथे ओरिजिनलचा हट्ट नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि आतून सिलिंडर गंजतात, शिवाय साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक पिकअपना ब्रेकचं एकच सर्किट असायचं, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. टायरवर डॉट कोड असतो, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, आणि तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा. असे टायर कितीही चांगले दिसोत, त्यावर टेस्ट ड्राइव्ह द्यायची नाही.

पण काढलेलं काहीही टाकायचं नाही. जुने टायर, होज, बॅटरीचा क्लॅम्प, फॅनबेल्ट, सगळं एका खोक्यात नावाची चिठ्ठी लावून. एका गाडीच्या वेळी मी हौद्याखालची स्टेपनी काढून टाकली, भेगा पडलेल्या होत्या म्हणून, नंतर एक गिऱ्हाईक खाली वाकून बघतो आणि विचारतो की कंपनीचा टायर कुठंय, कारण कधीच रस्त्याला न लागलेली ती स्टेपनी म्हणजे त्याच्यासाठी कमी रनिंगचा सगळ्यात पक्का पुरावा होता. ते अजून टोचतं मला. तुमच्या गाडीची स्टेपनी कंपनीची असेल तर सोन्यासारखी जपा.

साफसफाई किती करायची

धूळ, जाळी, उंदरांची घाण काढा, आतून व्हॅक्यूम, बाहेरून साधं पाणी, मवाळ शॅम्पू आणि मऊ कापड. प्रेशर वॉशर इंजिनवर आणि चेसिसवर मारू नका, तिथे कारखान्यातल्या खडूच्या खुणा, तपासनिसाचे शिक्के, रंगाचे थेंब असतात आणि ते गेले की गेले. डीलरचा जुना स्टिकर काढू नका. मशीन पॉलिश तर अजिबात नाही, जुना रंग आधीच पातळ झालेला असतो आणि बॉनेटच्या कडेला दोन मिनिटांत प्रायमर दिसायला लागतो.

पेंट मीटर (रंगाचा थर किती जाड आहे ते मोजणारं यंत्र) मिळाला तर फिरवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास येतो, दुसऱ्यांदा मारलेला असेल तर आकडा दुप्पट होतो आणि खाली लांबी (पुटी) भरलेली असेल तर आकडा एकदम कित्येकशे किंवा हजाराच्या वर जातो. चाकाच्या कमानी, केबिनचे खालचे कोपरे, दाराची तळकड, केबिन आणि हौद्याच्या मधली फट, गंज इथूनच सुरू होतो. वाईट काय निघेल ते लिहून ठेवा, दुरुस्त करत बसू नका. एखादं मडगार्ड सत्तरच्या दशकात रंगवलेलं असेल तर तसं सांगा, लोकांना ते चालतं.

आता किंमत

जुन्या गाड्यांच्या बाजारात १ ते ४ अशा ग्रेड वापरतात, हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या किंमत-गाइडमुळे ही पद्धत बरीच रुळलीय. १ म्हणजे स्पर्धेत उभी करण्याजोगी निर्दोष, २ म्हणजे बघताक्षणी उत्तम आणि दोष शोधावे लागतील अशी, ३ म्हणजे चांगली चालणारी पण जवळून दोष दिसणारी, ४ म्हणजे वापरातली, दोष उघड दिसणारी. जवळजवळ प्रत्येक मालक आपल्या गाडीला एक पायरी वरचं समजतो. न रंगवलेल्या जुन्या गाडीची अजून एक अडचण, ती दिसायला ३ वाटते पण बाजार कधीकधी तिला २ च्या वरचा भाव देतो, म्हणून गाइडमधला आकडा हा फक्त सुरुवातीचा धरा.

खरा भाव झालेल्या विक्रीतून कळतो. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावात जुने निकाल उघडे असतात, बोली, प्रश्न, फोटो सगळं, तिथे तुमच्याच पिढीच्या, तुमच्याच हौद्याच्या आणि इंजिनाच्या गाड्या शोधा, गेल्या साधारण वर्ष-दीड वर्षातल्या. ज्या विकल्या गेल्या नाहीत त्यांची शेवटची बोली पण टिपून घ्या, तेवढे पैसे कुणीतरी खरंच द्यायला तयार होता. सहा-सात सापडल्या तरी पुष्कळ झाल्या. रिस्टोर केलेल्या आणि इंजिन-सस्पेन्शन बदलून मॉडिफाय केलेल्या वेगळ्या ठेवा, त्यांचं गिऱ्हाईक वेगळं. मग प्रत्येक गाडीशी तुमची ताडून बघा, तिचे कागद जास्त होते का, रंग ओरिजिनल होता का, रनिंग किती, फोर बाय फोर होती का. सगळ्यात वरची एखादी विक्री दोन जण ईर्ष्येला पेटल्यामुळे झालेली असते, ती बाजूला ठेवा.

फक्त रनिंग कमी म्हणून किंमत आपोआप चढत नाही. १०,००० चाललेली पण ओल्या जमिनीवर तीस वर्षं उभी राहून चेसिस खाल्लेली गाडी ही ६०,००० चाललेल्या कोरड्या गाडीपुढे हरते. सील, डायफ्राम, टाकी, रेडिएटर उभ्या उभ्या पण मरतात. पुढच्या मालकाला लगेच करावा लागणारा खर्च अंदाजाने काढा आणि किमतीतून वजा धरा, कारण तो पण हेच गणित करून येणार आहे.

गाडी दुर्मीळ वाटत असेल, किंवा वारसांमधे वाटणी असेल, तर व्हॅल्युअर लावा, पण ठरलेली फी घेणारा, किमतीवर टक्केवारी घेणारा नको, आणि जो "मीच घेतो की" म्हणेल त्याचा आकडा विसरून जा. शेवटी तुमच्याकडे तीन आकडे लेखी पाहिजेत, सांगायचा, अपेक्षित, आणि ज्याच्या खाली द्यायचीच नाही तो. तिसरा आकडा घासाघीस चालू असताना ठरवू नका, आधी घरात बसून ठरवा, आणि तो कुणालाही सांगू नका.

फोटो आणि वर्णन

शंभर फोटो काढा, खरंच. ढगाळ उजेडात किंवा सकाळी, चारही कोपऱ्यांतून, मग दारं उघडून, पेडल, सीटची कड, मीटर, चेसिस नंबरची प्लेट, कोडचा स्टिकर, हौद्याचा तळ, केबिनच्या खालून, चेसिसच्या पूर्ण लांबीचे, आणि प्रत्येक डेंटचा जवळून नाणं किंवा टेप ठेवून. दोन व्हिडिओ, एक थंड इंजिन पहिल्यांदा चालू करतानाचा कुठेही कट न करता, एक रस्त्यावर चालवतानाचा. इंजिन आधी गरम करून व्हिडिओ काढला तर अनुभवी माणूस लगेच ओळखतो.

वर्णनात विशेषणं कमी आणि माहिती जास्त. साधारण असं: "१९७१, आठ फुटी फ्लीटसाइड, सहा सिलिंडर, तीन गिअर स्टिअरिंगवर. मीटर १८,४०० मैल, १९७४ ते १९९१ च्या नऊ पावत्या आहेत, १९९१ नंतर शेडमधे उभी. रंग कंपनीचा, डावं मागचं मडगार्ड पूर्वी रंगवलेलं. उजव्या केबिन कोपऱ्यात नाण्याएवढा गंज, फोटो बघा. ब्रेक पूर्ण नवे, टायर नवे, जुने सुटे भाग सोबत देणार. हीटर चालत नाही." हे वाचल्यावर माणूस फोन करतो तो घ्यायच्या तयारीने, आणि येऊन "हे सांगितलं नव्हतं" म्हणून भाव पाडू शकत नाही.

कुठे विकायची

डीलरला दिली तर पैसे लवकर पण कमी, त्याला पुढे नफा काढायचाय. कन्साइनमेंटमधे गाडी त्याच्याकडे उभी राहते आणि तो कमिशन घेतो, तेव्हा विमा कोणाचा, किती दिवस, किती टक्के हे लिहून घ्या. त्या मॉडेलच्या क्लबमधे विकली तर गाडी योग्य माणसाकडे जाते, मला स्वतःला हे आवडतं, पण तिथे लोक कमी आणि भावात कडक. पुराव्यासकट कमी रनिंगच्या ओरिजिनल गाडीला माझ्या मते ऑनलाइन लिलाव सगळ्यात चांगला, कारण अशी गाडी शोधणारे दोन माणसं जगात कुठेही असू शकतात आणि भाव चढायला दोनच लागतात. रिझर्व्ह (ज्याच्या खाली लिलावात गाडी जाणार नाही तो आकडा) ठेवायचा तर तो तुमच्या तिसऱ्या आकड्याशी ठेवा, अपेक्षित आकड्याशी ठेवला तर बोली अडकते. आणि लिलाव चालू असताना प्रश्नांना त्याच दिवशी उत्तरं द्या, दोन दिवस गप्प राहिलात की लोक काहीतरी लपवलंय समजतात.

गिऱ्हाईक, पैसे, कागद

कुणी आपला मेकॅनिक पाठवून तपासणी करू का विचारलं तर आनंदाने हो म्हणा, खर्च त्याचा. टेस्ट ड्राइव्हला लायसन्स बघा, विमा चालू ठेवा, आणि पहिल्यांदा गाडी स्वतः चालवून दाखवा, कारण जुने ड्रम ब्रेक आणि स्टिअरिंगवरचा गिअर नवीन माणसाला जमेलच असं नाही.

न बघता लगेच पूर्ण किंमत देतो म्हणणारा, ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून "वरचे पैसे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या" म्हणणारा, हा शंभर टक्के फ्रॉड. चेक खात्यात दिसला म्हणजे वटला असं नसतं, बँक नंतर पण परत फिरवते. पैसे बँक ट्रान्सफरने घ्या, किंवा खरेदीदारासोबत त्याच्याच बँकेत जाऊन समोर ड्राफ्ट काढून घ्या, आणि जमा झाल्याची खात्री मेसेज बघून करू नका, स्वतः बँकेला फोन करून करा. इसार घेतलात तर रक्कम, उरलेले पैसे कधीपर्यंत, आणि व्यवहार मोडला तर इसाराचं काय, हे तीनच ओळींत पण सही करून.

मालकीचा कागद आधीच तपासा. चेसिस नंबर कागदावर आणि गाडीवर अक्षरन् अक्षर एक आहे का, जुनं कर्ज बोजा म्हणून चढलेलं राहिलंय का, गाडी अजून वारलेल्या माणसाच्या नावावर आहे का. हे सरळ करायला आठवडे जातात आणि गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही, म्हणून जाहिरातीच्या आधीच करून टाका. विक्रीपत्रावर दोन्ही नावं, तारीख, वेळ, चेसिस नंबर, मीटरचा आकडा, रक्कम आणि "जशी आहे तशी" हे शब्द, दोन प्रती.

गाडी लांब जाणार असेल तर बंद ट्रेलरचा आग्रह धरा, उघड्यावर ओरिजिनल रंगावर खडे बसतात. ट्रान्सपोर्टवाला आला की चढवायच्या आधी त्याच्यासमोर चारही बाजूंचे फोटो, त्याची सही, मग सुट्या भागांचं खोकं, पावत्यांची वही आणि दोन्ही चाव्या मोजून द्या. नोंदणी कार्यालयात गाडी विकल्याचं त्याच दिवशी कळवा, त्याची पोच घ्या, आणि तुमचा विमा ती पोच हातात आल्यावरच बंद करा.